थकलेल्या पेशींची गोष्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा शास्त्रावर बोलायला ही कुठे उभी राहिली, असे तुम्हांला वाटेल. पण आमच्या घरी नऊ वर्षे मधुमेह मुक्कामाला आहे, आणि एवढा राहिलेल्या पाहुण्याची चौकशी करावीच लागते. मुलगी कॉलेजात जीवशास्त्र शिकते. रात्री मागचे आवरताना ती सांगते, मी ऐकते.

आपल्या जठरामागे स्वादुपिंड असते. त्यात पेशींचे लाखो पुंजके बेटांसारखे विखुरलेले असतात. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने ते १८६९ साली प्रथम वर्णिले. त्या बेटांतल्या बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात, आणि इन्शुलिनमुळे रक्तातली साखर शरीराच्या कामी लागते.

लहानपणी बहुधा जो मधुमेह होतो, त्यात शरीराची संरक्षक शक्तीच या पेशींचा नाश करते. तिथे इन्शुलिनवाचून जगणे नाही. मोठेपणीच्या मधुमेहातही पेशी मरतच जातात, असा समज होता. परंतु २०१२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डोमेनिको अचिली व त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरांत निराळेच दिसले. पुष्कळ पेशी जिवंत होत्या. मात्र इन्शुलिन करण्याचे आपले काम विसरून पुन्हा बाल्यावस्थेकडे गेल्या होत्या. पुढे माणसांच्या स्वादुपिंडातही तशा खुणा आढळल्या.

मला आपली थोरली सून आठवली. वीस माणसांचे एकटीने करता करता एक दिवस तिला मिठाचा डबाही सापडेनासा होतो. ती कामचुकार नसते, थकलेली असते.

मग विसावा दिला तर? चीनमध्ये नव्याने मधुमेह झालेल्यांना आरंभीच काही आठवडे इन्शुलिन दिले. २००८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वर्षानंतरही जवळजवळ निम्म्यांची साखर औषधावाचून ताब्यात होती. ब्रिटनमध्ये सहा वर्षांच्या आतला मधुमेह असलेल्यांचा आहार देखरेखीखाली अगदी कमी करून वजन उतरवले. त्यांच्यापैकी शंभरांत ४६ जणांचा मधुमेह वर्षअखेर औषधाविना आटोक्यात होता. ते २०१७ साली जाहीर झाले.

आता घरचे सांगते. डॉक्टरांनी ह्यांना इन्शुलिनची सुई सांगितली, तेव्हा हे म्हणाले, "सुई आली म्हणजे संपलेच." मीही ह्यांचीच री ओढली. चार महिने टाळाटाळ झाली, आणि पायाची जखम चिघळली. मुलगी म्हणाली, "आई, सुई ही शिक्षा नव्हे, विसावा आहे." ते मला चार महिने आधी उमगायला हवे होते. आता हे सुई घेतात. जखम भरली. मधुमेह गेला नाही. नऊ वर्षांत काही पेशी कायमच्या गेल्या असतील, असे डॉक्टर म्हणाले. उरल्या आहेत त्या जपायच्या.

म्हणून सांगते, भगिनींनो, रक्त वेळेवर तपासा. बाळंतपणात जिची साखर वाढली होती, तिने तर चुकवूच नये. औषध आपल्या मनाने बंद करू नका, आणि पंगतीत आग्रह आवरा.

आज मंडळाच्या चहात साखर वेगळी ठेवली आहे. जिला हवी तिने घ्यावी. कोणी कोणाला घालू नये.