गार्ड दारात आला तर
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



ज्वारी हुरड्यावर आली की आपण रात्ररात्र जागल करतो. रोही, रानडुकरं सरकारची. त्यांना पोसायचं मात्र आपण! यावर आपण पुष्कळ बोललो. आज बोलायचं ते वेगळं. सकाळी धुऱ्यावर रानडुक्कर मरून पडलेलं दिसतं आणि दुपारी वनखात्याची जीप दारात येते. तेव्हा काय करायचं?

आमच्यावर ही वेळ आली तेव्हा आम्ही घाबरलो. कोऱ्या कागदावर अंगठे दिले. त्यावर काय लिहिलं गेलं ते कोर्टात कळलं. म्हणून सांगतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ५० प्रमाणे सबळ संशय असेल तर वनखात्याचा माणूस वॉरंटाशिवाय शेतात, घरात येऊन झडती घेऊ शकतो. तेव्हा अडवू नका, हातघाईवर येऊ नका. नाव-पत्ता खरा सांगा. पण शेजारी बोलवा, पंचनामा समोर करायला लावा, नेलेल्या वस्तूंची यादी मागा. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची.

'गार्ड म्हणजे काही पोलीस नाही' म्हणून बिनधास्त बोलू नका. उलट आहे! पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. सहायक वनसंरक्षकाने आरोपीसमोर नोंदवलेला पुरावा कोर्टात चालू शकतो. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, हे घटनेच्या कलम २० मध्ये लिहिलंय. वाचून दाखवल्याशिवाय सही नाही, कोऱ्या कागदावर तर नाहीच नाही.

अटक झाली तर कलम २२ आठवा: कारण सांगितलं पाहिजे, वकील भेटला पाहिजे, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं पाहिजे. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो.

जागेवर 'मिटवून टाकू' म्हणणाऱ्या गार्डाला तो अधिकारच नाही. पावतीशिवाय दमडी देऊ नका. विनाकारण छळ म्हणून जप्ती करणाऱ्यालाही कलम ५३ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

आता आपल्या बाजूचं. मेलेलं जनावर हलवू नका, मटण वाटून घेऊ नका. ते घरात सापडलं तर निर्दोष असल्याचं तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. ताबडतोब कळवा, लेखी कळवा, पोच घ्या. जिवावर बेतलं आणि बचावात जनावर मेलं तर कलम ११ प्रमाणे तो गुन्हा नाही. पण कुंपणात करंट सोडला तर कुठलंच कलम वाचवणार नाही. त्या तारेवर उद्या आपलंच पोर मरेल.

भावांनो, कायदा जंगलातल्या जनावराला आहे, तसा बांधावरच्या माणसालाही आहे. जनावराला तो वाचता येत नाही. आपल्याला येतो.