अंबरनाथच्या पुढचं स्टेशन



अंबरनाथहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलात, तर पुढचंच स्टेशन बदलापूर. इथे श्याम जोशी या चित्रकलाशिक्षकाने ‘ग्रंथसखा’ वाचनालय उभं केलं. दुर्मीळ मराठी ग्रंथ, कोश आणि जुन्या मासिकांचे अंक इथे जपले आहेत.

मला मासिकांचं विशेष अप्रूप वाटतं. पुस्तकाची नवी आवृत्ती निघू शकते. मासिकाचा अंक मात्र रद्दीत गेला की गेलाच. त्याच्याबरोबर त्या काळच्या जाहिराती, वाचकांची पत्रं, वादविवादही जातात. अभ्यासकाला नेमकं हेच हवं असतं, म्हणून तो लांबून बदलापूर गाठतो.

पण जोशी कपाटांपाशी थांबले नाहीत. मराठी भाषेच्या अभ्यासासाठी स्वायत्त मराठी विद्यापीठाची कल्पनाही त्यांनी इथेच मांडली.

वाचनालयाने कपाटांपलीकडे जाण्याची ही परंपरा आपल्या भागात जुनी आहे. उलट दिशेला, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 सालचं, सदाशिवराव साठे यांनी सुरू केलेलं. तिथेही पुस्तकांच्या देवघेवीइतकीच व्याख्यानांना गर्दी.

या रविवारी मुलांना घेऊन ‘ग्रंथसखा’त जा. एखादा जुना अंक मागा, आणि पानं जरा हळू उलटा. कागद फार नाजूक झालेला असतो.