नळाच्या आत नळ

शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून ज्या अजस्र नळांनी मुंबईस जाते, ते ज्यांच्या नित्य दृष्टीस पडतात, त्यांना महाधमनीची कल्पना निराळी सांगावयास नको. पोटात सुमारे दोन सेंटिमीटर रुंद असणारी ही रक्तवाहिनी वार्धक्य, रक्तदाब आणि मुख्यत्वे विडी यांनी दुर्बल होऊन फुगते, आणि हा फुगवटा साडेपाच सेंटिमीटरांच्या घरात गेला की फुटण्याचे भय उपस्थित होते. आइन्स्टाइन १९५५ साली याच विकाराने निवर्तले.

ज्याचे हृदय किंवा फुप्फुसे या फुगवट्यासाठी पोट उघडण्याची शस्त्रक्रिया सोसण्यास असमर्थ, त्याच्या जांघेतील धमनीतून धातूच्या जाळीची, कापड मढविलेली नळी आत सरकवून उलगडण्याची तजवीज शल्यविशारद पारोदी यांनी १९९० साली ब्युनोस आयर्स येथे केली. परंतु फुगवटा मूत्रपिंडांच्या फाट्यांपाशीच असेल, तर साधी नळी ते फाटेच बुजवील. म्हणून तीत फाट्यांसमोर खिडक्या ठेवतात, आणि शिंप्याने अंगरखा बेतावा तशी ती रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून बेतावी लागत असल्याने कित्येक आठवडे लागतात. फुगवट्याला मात्र ही सबुरी ठाऊक नसते.

हा फुगवटा बहुधा मूक असतो, पण साध्या सोनोग्राफीत दिसतो. तेव्हा साठी उलटलेल्या विडीबहाद्दरांनी ती एकदा करवून घ्यावी, आणि पोट वा पाठ अकस्मात असह्य दुखू लागल्यास घरगुती इलाजांत न गुंतता तडक रुग्णालय गाठावे.