दुसरा कॅमेरा

गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच जण सुरतेहून साल्हेरला गेलो. उंची १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच गड. मोठा कॅमेरा आणि लेन्स मिळून दोन किलोच्या आसपास. कातळातल्या पायऱ्या चढताना हात मोकळे हवेत, म्हणून तो सॅकमध्येच राहिला. आमच्यातले सर्वांत वडील काका गुडघा धरत परशुरामाच्या मंदिरापाशी पोहोचले, त्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही. यंदा डॉक्टरांनी त्यांना गड चढायला मनाई केली आहे.

मग छोट्या कॅमेऱ्याची शोधाशोध झाली. २०१२ साली आलेला पहिला सोनी आरएक्स-१०० बॅटरी-कार्डासह २४० ग्रॅम, झूमही आहे. सेन्सर मात्र नावाला एक इंची. मोजलात तर १३.२ बाय ८.८ मिलीमीटर! (ही नावं कोण ठेवतं, देव जाणे.) रिको जीआर-३ भरतो २५७ ग्रॅम, आणि सेन्सर नेहमीच्या डीएसएलआरएवढा. पण झूम नाही, व्ह्यूफाइंडर नाही, बॅटरी दोनेकशे फोटोंत संपते. डांगच्या पावसात तर त्याला प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवावं लागतं.

बरीच वादावादी होऊन आम्ही जीआर घेतला. खिशात मावतो, हे आमच्या लेखी झूमपेक्षा मोठं. जुना विकलेला नाही. मंडपातल्या आरतीला तोच असतो.

नोव्हेंबरात पुन्हा साल्हेर आहे. काका पायथ्याच्या वाघांबे गावापर्यंत येतो म्हणालेत. पहिला फोटो तिथेच काढायचा आहे.