महात्म्याचें घर कोणाकोणाकडे गेलें

(वडगांव मावळ येथें शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकींत केलेलें भाषण)



घरांचा इतिहास मावळच्या लोकांस आम्हीं येऊन सांगावा असें नाहीं. लोणावळ्याचा कोणताहि म्हातारा माळी गांठा. अमका बंगला आधीं कोणत्या साहेबाचा, मग कोणत्या शेटजीचा, आणि आज कोणत्या कंपनीचा, हें तो विडी ओढतां ओढतां सांगेल. 1858 सालीं पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी आली, 1863 सालीं बोरघाटाचा चढ पुरा झाला, आणि मुंबईच्या पैसेवाल्यांना आपली थंड हवा सांपडली. घाट फोडतांना पटकीनें आणि सुरुंगानें मेलेल्या मजुरांचीं नांवें कोणीं दगडावर कोरलीं नाहींत. बंगल्यांच्या पाट्या मात्र अजून वाचतां येतात. मालक बदलला कीं पाटी बदलते. राखणदार मात्र बापामागें मुलगा तोच.

परंतु त्याच राणी व्हिक्टोरियाच्या अमदानींतलें एक घर असें आहे कीं त्याचे धनी कोण कोण झाले हें आपल्यापैकीं फार थोड्यांना ठाऊक असेल. तें घर बंगला नव्हे. पुण्याच्या गंज पेठेंतला तो जोतीराव फुल्यांचा वाडा. पेठेला आज महात्मा फुले पेठ म्हणतात.

घर लहानसें, सुमारें 1852 सालचें. शाळा काढली म्हणून जोतीराव व सावित्रीबाई यांना 1849 सालीं बापाचें घर सोडावें लागलें होतें. अशा जोडप्याचें हें घर. 1863 सालीं त्यांनीं बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें. फसलेल्या विधवांनीं यावें, बाळंत व्हावें, मूल नेणें अगर ठेवणें त्यांच्या खुषीवर. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत या दांपत्यानें दत्तक घेतला. 1868 सालीं जोतीरावांनीं आपला पाण्याचा हौद अस्पृश्य बंधूंना मोकळा केला. गांवच्या पाणवठ्यावर आजहि जेथें कुरबूर निघते, तेथल्या मंडळींनीं हें साल ध्यानांत ठेवावें.

जोतीराव मोठे धोरणी. 1887 सालींच त्यांनीं मृत्युपत्र करून ठेवलें. पुढच्या वर्षीं अर्धांगवायूनें उजवा हात गेला, तरी डाव्या हातानें ग्रंथ लिहिला. 28 नोव्हेंबर 1890 रोजीं ते वारले. आपला देह घरामागें मिठांत पुरावा अशी त्यांची इच्छा होती. वस्तीची जागा म्हणून म्युनिसिपालिटीनें परवानगी दिली नाहीं. तेव्हां दहन झालें. दत्तक मुलाला टिटवें धरूं देण्यास भाऊबंद आडवे आले, तेव्हां सावित्रीबाईंनीं तें स्वतः धरलें. अस्थि आणून घराच्या मागल्या अंगणांत ठेवल्या. ती समाधी तेथें आहे.

येथवरचा इतिहास आपले वक्ते छाती फुगवून सांगतात. आम्हांस त्यापुढचा सांगावयाचा आहे.

1897 सालीं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां 10 मार्चला सावित्रीबाई गेल्या. यशवंतराव डॉक्टर झाले होते. तेहि 1905 सालीं गेले. मागें राहिल्या त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई आणि एक लहान मुलगी. कमावतें माणूस कोणी नाहीं. चुलीसाठीं त्या बाईनें तें घर किरकोळ किंमतीस विकलें, आणि पुढचे दिवस हलाखींत काढले. महात्म्याची सून! 1911 सालीं याच पुणें शहरांत सत्यशोधक परिषद भरली होती. आम्हांस विचारावेंसें वाटतें कीं त्या दिवसांत कोणी त्या बाईकडे पावशेर तांदूळ घेऊन गेलें होतें काय? येथें भटजी-शेटजींना दोष देऊन सुटतां येत नाहीं. घर आपल्या माणसांच्या डोळ्यांदेखत गेलें. जोतीरावांनीं जन्मभर विधवांना आसरा दिला, आणि त्यांच्याच घरच्या विधवेला आसरा उरला नाहीं.

पुढें संत सावता माळी बोर्डिंग त्या वास्तूंत आलें. गरीब मुलें तेथें राहूं लागलीं, हें एक बरें झालें. 1972 सालीं सरकारनें वाडा संरक्षित स्मारक ठरविला. आतां त्याला समताभूमी म्हणतात आणि 28 नोव्हेंबरला मोठी गर्दी लोटते. हा वाडा व जवळचें सावित्रीबाईंचें स्मारक जोडण्याचें काम पुणें महानगरपालिकेनें हातीं घेतलें आहे, आणि त्यासाठीं मधलीं घरें घ्यावीं लागणार आहेत. स्मारक जरूर व्हावें. पण त्या घरांतहि कष्टकरी माणसेंच राहतात; त्यांना आधीं छप्पर द्या, मग भिंत पाडा. जोतीरावांनींहि दुसरें कांहीं सांगितलें नसतें. ज्या भिडे वाड्यांत 1848 सालीं मुलींची शाळा निघाली, तो खटल्यांत वर्षानुवर्षे अडकला, ढांसळला, आणि 2023 सालीं जमीनदोस्त करून तेथें स्मारक करण्याचें ठरलें. वेळेवर कोणीं पाहिलें नाहीं.

हें मावळांत सांगण्याचें कारण असें. गुंठ्याला भाव आला आहे, प्लॉटवाले दलाल मोटारी घेऊन बांधावर उभे राहतात. पवन मावळांतल्या एका घरीं आम्ही गेलों होतों. नवरा वारून तीन महिने झालेले. दिरानें "वारसनोंदीचा कागद आहे, सही कर" म्हणून अंगठा घेतला. तें निघालें हक्कसोडपत्र. जमीन विकली गेली. बाई आज त्याच रानांत उभ्या राहिलेल्या बंगल्यांत भांडीं घासते. दलाल परका होता खरा, पण कागद पुढें करणारा घरचाच.

मुळशीकडच्या आपल्या सोयऱ्यांना विचारा. 1921 ते 1924 त्यांनीं धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पण जमिनी आधींच सावकाराकडे गहाण, म्हणून भरपाईचा मोठा वांटा सावकाराच्या पेटींत गेला. नांगर कोणाचा हें सरकार विचारीत नाहीं, सातबारावर नांव कोणाचें तें विचारतें.

म्हणून घरधनी जिवंत असतांनाच बायकोचें नांव सातबारावर आणि घराच्या उताऱ्यावर लागलें पाहिजे. 2005 च्या कायद्यानें मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. बहिणीकडून राखीच्या दिवशीं हक्कसोड मागणाऱ्यानें निदान त्या दिवशीं तरी लाज धरावी. साठेखत, कुलमुखत्यारपत्र, खरेदीखत हीं तीन वेगवेगळीं आहेत. बयाण्याच्या नोटा पाहून तिन्हींवर एकदम सही करूं नका.

येत्या रविवारीं सकाळीं आम्ही येथेंच बसणार आहों. कॉलेजांत शिकणारीं आपलींच चार मुलें बरोबर असतील. सातबारा, आठ अ, फेरफार, जे कागद पेटींत असतील ते घेऊन या. तीं वाचून दाखवितील. पैसा घ्यावयाचा नाहीं. आणि पुरुषमंडळींनीं एकट्यानें येऊं नये. घरांतल्या बाईला बरोबर आणावें, म्हणजे तिच्याहि कानांवर पडेल.