घड्याळातील माणके



बायकांचे मनगटी घड्याळ म्हणजे एक दागिनाच. काही घड्याळांवर तर हिरे जडवलेले असतात आणि एकेकाची किंमत एखाद्या शेताइतकी होते. अर्जुनी मोरगावच्या धानाच्या बांधीत राबणाऱ्या माणसाला त्याचे काय, असे आपण म्हणाल. पण अशा घड्याळांची कला ज्यांनी वाढवली, ती माणसे आपल्यासारखीच खेड्यातली.

स्वित्झर्लंडमध्ये ज्युरा डोंगरात व्हाले द झू नावाचे एक खोरे आहे. उंची सुमारे १,००० मीटर. हिवाळ्यात तिथे कित्येक महिने बर्फ. गुरे गोठ्यात, शेत बर्फाखाली, आणि माणसांचे हात मोकळे. अठराव्या शतकात तिथले शेतकरी खिडकीपाशी बसून घड्याळाचे भाग घडवू लागले. याच खोऱ्यातल्या ल सांतिए गावी १८३३ साली आंतवान लकूल्त्र यांनी आपला कारखाना काढला. वडिलांच्या भट्टीवर ते लोहारकाम शिकले होते. १८४४ साली त्यांनी मिलिमीटरचा हजारावा भाग मोजणारे यंत्र बनवले. मोजता येऊ लागले म्हणून तितके बारीक घडवताही येऊ लागले.

पुढे पॅरिसच्या जेगर यांच्याशी या घराण्याची जोड झाली. १९२९ साली त्यांनी '१०१' नावाचे घड्याळयंत्र काढले. लांबी १४ मिलिमीटर, वजन जेमतेम एक ग्रॅम. आज बनणाऱ्या या यंत्रात ९८ भाग असतात. ते बायकांच्या रत्नजडित घड्याळांत बसवतात. १९५३ साली इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा त्यांच्या मनगटावर असलेच घड्याळ होते.

आता त्यातल्या रत्नांचे पाहू. बाहेरचे हिरे शोभेचे. आतली रत्ने कामाची. बंडीच्या आसाला आपण ओंगण घालतो, नाहीतर आस झिजतो. चावीच्या साध्या घड्याळात तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार. इतक्या हालचालीत धातूवर धातू घासला तर तो टिकायचा नाही. म्हणून चाकांची बारीक टोके माणकाच्या छिद्रात बसवतात. ही युक्ती लंडनमध्ये १७०४ साली निघाली. १९०२ साली व्हेर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माणूक भट्टीत तयार करण्याची रीत जाहीर केली आणि ते स्वस्त झाले. जुन्या घड्याळाच्या तबकडीवर '१७ ज्वेल्स' असे लिहिलेले असते, ती हीच माणके. राणीच्या घड्याळातले तत्त्व मास्तरीणबाईंच्या घड्याळातही तेच!

आपल्या देशात एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली. 'सुजाता' हे त्यांचे बायकांचे घड्याळ. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ-विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. बॅटरीच्या घड्याळांपुढे चावीची घड्याळे आधीच मागे पडली होती. ल सांतिएचा कारखाना मात्र आजही चालू आहे, कारण शिकलेला हात तिथे नव्या हाताला शिकवत राहिला.

यात आपण विचार करण्यासारखे काही आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा पिकवणारे आणि तो विणणारे लोक आपल्या भंडारा-गोंदिया भागात आहेत. तेही तितकेच नाजूक काम. जिथे उन्हाळी धान होत नाही, तिथे शेतकऱ्याचे हात कित्येक महिने मोकळे असतात. घरातला म्हातारा विणकर थकला आणि नातू शिकला नाही, तर ती विद्या त्याच्याबरोबर जाते. मग ती पैशाने परत आणता येत नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. कुणाच्या घरी बंद पडलेले चावीचे घड्याळ असेल, तर त्याचे मागचे झाकण उघडून मुलांना भिंगातून आतले तांबडे ठिपके मोजायला लावा. आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना गावातल्या मागापाशी किंवा सुताराच्या नेटापाशी नेऊन बसवा. तिथे त्यांनी नुसते पाहू नये, हात लावून पाहावा.