पेपरचं कुपन आणि आपला हिशोब

दिवसभराचं काम उरकून जरा टेकला असाल, तर दहा मिनिटं माझं ऐका. आज बँकेचं बोलायचं नाही, हप्त्याचंही नाही. आज बोलायचं आहे वर्तमानपत्राचं, म्हणजे आपल्या पेपरचं.

मागच्या महिन्यात चोपडा तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. हजेरी सुरू होती, तेवढ्यात पेपरचा एजंट भाऊ आला. म्हणाला, "ताई, पेपर लावा. रोज एक कुपन येईल. 100 कुपनं तक्त्यावर चिकटवली की स्टीलचा डबा नक्की, आणि सोडतीत नाव निघालं तर गाडी." तो गेला आणि बायांनी मला धरलं. "ताई, तुम्हीच सांगा. लावायचा का?"

मी म्हटलं, "शेळीसाठी कर्जाचा अर्ज आला की आपण काय विचारतो? अडचण काय आहे? ती कशामुळे आली? हा उपाय त्या कारणावर चालेल का? पैसा कोणाचा? आणि पुढे काय? आज पेपरवाल्यांचा अर्ज आलाय असं समजा."

अडचण खरी आहे. पेपर घेणारी घरं कमी झाली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि दारात पडणारा पेपर थांबला. 18 एप्रिलला सरकारने घरोघरी वाटपच बंद केलं. ओरड झाली, तेव्हा तीन-चार दिवसांत मुंबई-पुणे सोडून बाकी ठिकाणी सूट दिली. पेपरवाले तेव्हा सांगत होते, कागदाने आजार पसरत नाही, घाबरू नका. त्यांचा विचार असा होता, की भीतीने वाचक गेला, भीती गेली की परत येईल. पहिले काही महिने ते कारण खरं होतं. पण तेवढ्या दिवसांत घरातल्या पोराने बाजारभाव मोबाईलवर बघायची सवय लावून घेतली. भीती गेली, सवय राहिली. कारण बदललं, की उपायही बदलावा लागतो.

आता कुपनाचा विचार बघा. 100 दिवस पेपर घरात आला की त्याची सवय लागेल, असं त्यामागचं गणित. हे अगदी खोटं नाही. आपणही दर आठवड्याला बचत भरून भरूनच सवय लावली ना? पण अनुदान मिळेल म्हणून काढलेले गट आठवा. अनुदान मिळालं आणि पुढच्या बैठकीला चार बाया! कोणते गट टिकले? जिथे बाईला अडीनडीला पैसा मिळाला ते. पेपरचंही तसंच आहे. एका मावशीने तिथेच सांगितलं, "मागे मी कुपनं कापली, डबा आणला. पेपर उघडून पाहिला नाही. त्याच्यावर पापड वाळवले."

पैसा कोणाचा? पाच रुपयांचा अंक धरला तर 100 कुपनांचे झाले 500 रुपये. तसा डबा बाजारात दीडशेला मिळतो. मग पेपरवाला आपल्याला लुटतो का? तसंही नाही. अंक छापायला जो खर्च येतो, तो आपल्या पाच रुपयांत निघत नाही. उरलेला निघतो जाहिरातींतून. ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था 1948 पासून पेपरचा खप तपासते, सहा-सहा महिन्यांचा. खप जास्त, तर जाहिरातीचा भाव जास्त. त्या मोजणीत अंक खपला एवढंच दिसतं. तो वाचला की त्याच्यावर पापड वाळवले, हे दिसत नाही. म्हणून कुपनाने खप वाढू शकतो, वाचक वाढेलच असं नाही.

दुसरा एक रस्ता आहे. 1996 साली दैनिक भास्कर जयपूरला गेला. तिथे दुसऱ्या पेपरचं राज्य होतं. यांनी पेपर काढायच्या आधी साधारण दोन लाख घरी माणसं पाठवली आणि विचारलं, तुमच्या पेपरमध्ये काय कमी आहे? उत्तरं ऐकून पेपर बेतला, मग परत त्याच घरी जाऊन मागणी घेतली. त्याच घराण्याचा दिव्य मराठी 2011 साली महाराष्ट्रात आला, आज जळगावातही निघतो. आधी विचारायचं, मग छापायचं, हा विचार मला कुपनापेक्षा पक्का वाटतो.

तरी माझी एक शंका आहे. दारात विचारायला आलेल्या माणसाशी बोलतं कोण? घरातले आबा, नाहीतर भाऊ. आपण आत भाकरी थापत असतो. गावात पेपर वाचला जातो पारावर, सलूनमध्ये, चहाच्या टपरीवर. तिथे आपण जाऊन बसतो का? सगळे पेपर म्हणतात, गेलेला वाचक परत आणू. अहो, पण आपण गेलोच नव्हतो, कारण आपण कधी आलोच नव्हतो! अर्धं घर अजून मोजलेलंच नाही. त्या बैठकीत एक आजी अहिराणीत म्हणाल्या, "आमना गावनी बातमी कोठे शे?" मला तर वाटतं, पेपरवाल्यांनी पहिल्यांदा याच प्रश्नाचं उत्तर द्यावं.

हे होऊ शकतं. उत्तर प्रदेशात चित्रकूट जिल्ह्यात 2002 साली खेड्यातल्या बायांनी 'खबर लहरिया' हा पेपर सुरू केला, तोही तिथल्या बुंदेली बोलीत. बातमी त्याच आणायच्या, लिहायच्या आणि गावोगाव नेऊन विकायच्याही त्याच. हातपंप बंद पडला, रेशन आलं नाही, या त्यांच्या बातम्या. पुढे लोक मोबाईलकडे वळले, तशा त्याही वळल्या. कागद सोडला, बातमी सोडली नाही.

मग आपल्याला मोबाईल पुरे का? 2024 च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज चालू होते. मुदत आधी 15 जुलै होती, मग 31 ऑगस्ट झाली, पुढे आणखी वाढली. आमच्या एका अक्काच्या मोबाईलवर निरोप आला, "आज शेवटचा दिवस." अर्ज फुकट होता, तरी घाबरून तिने एकाला 300 रुपये दिले. तो निरोप कोणी लिहिला, आजवर कळलं नाही. पेपरच्या तळाशी मात्र बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि पत्ता असतो. कायद्याने ते छापावंच लागतं. चुकीचं छापलं तर जाब कोणाला विचारायचा, ते कळतं. माझ्या मते पेपर घ्यायचं खरं कारण हे आहे. डब्यापेक्षा हे सांगितलं, तर बाया ऐकतील.

शेवटी त्या गटाने काय ठरवलं? घरोघरी 11 पेपर न लावता गटाचा एकच लावायचा. महिन्याचे साधारण 150 रुपये, 11 जणींत वाटले तर प्रत्येकी 14 रुपयेसुद्धा होत नाहीत. बैठकीत पंधरा मिनिटं मोठ्याने वाचायचं, म्हणजे ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही ऐकू जाईल. आणि संपादकांना पत्र लिहायचं, सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांसह: केळीचा आणि कापसाचा भाव द्या, योजनेची मुदत आणि लागणारे कागद ठळक छापा, आमच्या ग्रामसभेची बातमी घ्या. तीन महिन्यांनी बघायचं, पत्रातलं काय छापून आलं. आलं तर पेपर चालू, नाही तर बंद. कर्जाचा आढावा घेतो, तसाच.

तुमच्याही गावात एजंट भाऊ येईल. त्याच्याशी नीट बोला, भल्या पहाटे उठून थंडीवाऱ्यात फिरणारा कष्टाचा माणूस आहे तो. डबा हवा तर घ्या, त्यात काही वाईट नाही. पण त्याला एवढं जरूर विचारा, "भाऊ, यात आमच्यासाठी काय छापता?" आणि तो जे सांगेल, ते पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहून ठेवा.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.